कलम दोनशे तीस

गोरक्ष गाडेकर गेला ही बातमी वेणीमाधव गुरुजींना सोमवारी सकाळी देवाच्या पाटावरच कळली, आणि त्यांचा हात घंटेवर तसाच राहिला. कोणी गेल्याचं कळलं की रामकुंडावरच्या उपाध्यायाच्या तोंडून सवयीनं 'नारायण, नारायण' निघतं. त्या दिवशी निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वयंपाकघरातून श्यामलाबाई धावत बाहेर आल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून असला शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

बातमी आणली होती त्यांच्या मुलीनं, आभानं. जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करून तिला दोन वर्षं झाली होती.

"आरोपी मयत झाला की त्याच्यापुरती केस संपते, बाबा," ती दारात उभी राहूनच म्हणाली. "दुसरा आरोपी फरार आहे. म्हणजे पिंजऱ्यात उभं राहायला आता कुणीच उरलं नाही."

"आणि त्याचा अमोल?"

"अमोलचं नाव कागदावर कधी नव्हतंच. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. आठ वर्षं ते दुसरं काही जाणून घेतच नव्हते.

ही गोष्ट नीट सांगायची तर आधी वहीची सांगायला हवी. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात, आणि गंगेवरच्या प्रत्येक उपाध्यायाकडे आपापल्या यजमानांच्या वह्या असतात, लाल बासनात बांधलेल्या. यजमान क्रियेला आला की घरात कोण जन्मलं, कोण गेलं, ते स्वतःच्या हातानं लिहितो आणि खाली सही करतो. नियम दोनच. एक, दुसऱ्याच्या यजमानाला कोणी हात लावायचा नाही. दोन, वहीतलं अक्षर खोडायचं नाही. चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची, सही करायची. सायखेड्याचे गाडेकर सात पिढ्या वेणीमाधवांच्या घराण्याचे यजमान होते. पहिल्या दोन पिढ्यांची नोंद मोडीत होती. अमोलच्या पणज्यानं भाऊबंदांवर लावलेला जमिनीचा दावा याच वहीच्या पुराव्यावर जिंकला होता, आणि गाडेकरांच्या घरात ते अजून कौतुकानं सांगत.

म्हणूनच तर घोटाळा झाला. नऊ वर्षांपूर्वी अमोल गाडेकर पांढऱ्या गाडीतून आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, पाथर्डी फाट्याला आपली बिल्डिंग होतेय. घरचंच काम समजा." आभा तेव्हा वकिलीच्या पहिल्या वर्षाला होती. "बाबा, आधी कागद कुणाला तरी दाखवू," ती म्हणाली. गुरुजी हसले. "अगं, यांच्या सात पिढ्यांचं हस्ताक्षर माझ्या कपाटात आहे. आणखी कसले कागद हवेत?"

हे वाक्य त्यांनी पुढे किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांचा शौनक त्याच बिल्डिंगमध्ये घेतलेल्या नव्या घराच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत स्टुलावर चढून आकाशकंदील बांधत होता. चोवीस वर्षांचा मुलगा, नोकरीला लागून सहा महिने झालेले. "आई, वायर दे," एवढं म्हणाला आणि गॅलरी त्याच्यासकट खाली गेली. श्यामलाबाई वायर हातात घेऊन दारात उभ्या, आणि समोर गॅलरीच्या जागी मोकळं आभाळ. पंचनाम्यात आलं की सळई लागते त्याच्या निम्मी होती आणि सिमेंट नावाला.

गुन्हा दाखल झाला. फर्म बापाच्या नावावर, परवानगी बापाच्या नावावर, सही बापाची. अमोल कागदावर नोकरसुद्धा नव्हता. आरोपी झाले दोघं: म्हातारा गोरक्ष, आणि पेठकडचा बहिरू मिस्त्री. बहिरू सात महिने आत काढून जामिनावर सुटला आणि डोंगरात गेला तो गेलाच. गोरक्ष मात्र धोतर-टोपी घालून दर तारखेला यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा. गुरुजीही त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला. एकदा म्हाताऱ्यानं फडकं सोडून भाकरी पुढे केली. गुरुजींनी मान फिरवली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला काय म्हाईत, गुरुजी. पोरगं म्हनलं सही कर, मी केली. बापाला काय पोराचं कागूद वाचायला येतं का?"

त्या दिवसापासून गुरुजींचा म्हाताऱ्यावरचा राग उतरला आणि उतरलेला सगळा अमोलच्या खाती चढला. हा माणूस नुसता चोर नव्हता. चोरी उघडी पडेल तेव्हा पुढे ढकलायला त्यानं बाप तयार ठेवला होता.

आणि याच दिवसांत त्यांना तो दगड सापडला.

आभाच्या अभ्यासाच्या पुस्तकात एक फोटो होता. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा काळा दगड, माणसापेक्षा उंच. वर कोरलेला राजा सूर्यदेवापुढे उभा, खाली पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे कायदे. गुरुजी चष्मा लावून सहज वाचायला बसले आणि दोनशे एकोणतिसाव्या कलमाशी आले. बांधणाऱ्यानं घर कच्चं बांधलं आणि ते पडून घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला ठार करावं. त्याखाली दोनशे तीस: घरमालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला ठार करावं.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. आयुष्यभर स्मृती नि धर्मशास्त्र वाचलेल्या या माणसाला पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घेतलं. वकील नाही, तारीख नाही, 'साहेब रजेवर आहेत' नाही. दोन ओळी, दगडावर, चौकात. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून पंचांगात ठेवली ती आजतागायत. गंगेवर कुणी कोर्टकचेरीचं बोलू लागलं की हे बॅबिलोन काढायचे. शेजारच्या आसनावरचे शेखर उपाध्ये त्यांना 'बॅबिलोनकर' म्हणायला लागले, आणि यजमानांनाही आडून सांगायचे, "त्यांच्याकडे घराचा विषय काढू नका, थेट फाशी होईल."

आभाला हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. एकदा तिनं ते पान बापापुढे आपटलं. "आख्खा दगड वाचा ना, बाबा. बड्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा, आणि साध्या माणसाचा फोडला तर चांदी द्यायची नि मोकळं व्हायचं. तिथेही बहिरू मिस्त्रीच लटकला असता."

"दोनशे तीसमध्ये चांदी नाही."

"दोनशे तीसमध्ये मुलगा आहे! त्या मुलानं काय केलं होतं?"

"शौनकनं काय केलं होतं?"

आभानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मला त्यातलं पाचवं कलम आवडतं. न्याय देणाऱ्यानं आपला निवाडा फिरवला तर त्याला बारा पट दंड, आणि भर सभेत आसनावरून उठवायचं. पुन्हा त्यानं त्या आसनावर बसायचं नाही. हे आज लावा, बघा किती खुर्च्या रिकाम्या होतात." पाचव्या कलमाशी गुरुजींना काही देणंघेणं नव्हतं.

तर असा हा सोमवार. आणि बुधवारी सकाळी शेखर उपाध्यांचा फोन. "वेणीमाधव, तुमचा यजमान आलाय. अस्थी घेऊन. आधी माझ्याकडे आला होता, मग आणखी तिघांकडे. आम्ही कोणी हात लावला नाही. म्हातारी हटून बसलीय, म्हणते वहीत नाव लागल्याबिगर मालकांना पाण्यात सोडणार नाही. तुम्ही नका येऊ हवं तर. मी सांगतो त्यांना, त्र्यंबकला जा."

"आसन मांडून ठेवा," गुरुजी म्हणाले. "निघालोच."

त्यांनी स्नान केलं, सोवळं नेसलं, वही काखेत घेतली. पंचांग उघडून झेरॉक्स जागेवर आहे ना ते पाहिलं. आभानं ते बघितलं. तिनं कोर्टाला दांडी मारली आणि न बोलता बापाच्या मागे चालू लागली.

रामकुंडावर नेहमीसारखी गर्दी होती. पायऱ्यांवर भिजलेली माणसं, पत्रावळी, कुंभासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्याची धूळ. आसनापुढे अमोल गाडेकर बसला होता, उघडा, नुकतं मुंडण केलेला. डोक्यावरचे केस गेले की माणूस गरीब दिसतो म्हणतात. अमोल दिसत नव्हता. मागे त्याची आई कुसाबाई, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. आणि बाजूला तांब्या धरून उभा एक उंच तरुण. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्यांना पायरी दिसेना. खांदे तसेच, उभं राहायची ढबही तीच, एका पायावर भार टाकून.

"ह्यो रुद्र," कुसाबाई म्हणाल्या. "नातू. इंजनेर होतोय."

"वय?"

"तेवीस," रुद्र म्हणाला. नजर खाली.

अमोलनं हात जोडले. "गुरुजी, झालं-गेलं गंगेला मिळालं. तुमचं मन मोठं हाय. वडिलांचं तेवढं चांगलं करा, दक्षिणा तुम्ही म्हणाल ती."

झालं-गेलं! गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. त्यांनी अमोलच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, पिंडाचं साहित्य मांडलं, उजव्या हाताची ओंजळ पुढे करायला सांगितली, त्यात तीळ आणि पाणी घातलं. चाळीस वर्षांचा हात, कुठे चुकत नव्हता.

"मी म्हणतो तसं मागून म्हणा. शेवटी सांगेन तेव्हा पाणी सोडायचं. पाणी सुटलं की संकल्प पुरा."

यजमान अर्थाकडे लक्ष देत नाहीत. गुरुजी म्हणतात, ते म्हणतात. सगळ्या घाटावर सगळ्यांचं असंच चालतं.

"काश्यपगोत्रस्य."

"काश्यपगोत्रस्य," अमोल म्हणाला.

"रुद्रप्रेतस्य."

"रुद्रप्रेतस्य," अमोल म्हणाला.

"उत्तमलोकप्राप्त्यर्थम्."

अमोलचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यानं जे म्हटलं होतं ते आत्ता त्याच्या कानात शिरलं होतं. मागे कुसाबाईंनी किंकाळी फोडली आणि नातवाचं मनगट धरलं. रुद्रच्या हातातला तांब्या कलंडला.

"गुरुजी... नाव चुकलं तुमचं."

"चुकलं नाही. मी म्हणालो आणि तूही म्हणालास. आता पाणी सोड."

आठ वर्षं गुरुजींनी या चेहऱ्याची वाट पाहिली होती. आता तो हातभर अंतरावर होता. रंग उतरलेला, ओठ कोरडे, आणि डोळे कुठे बघावं ते न कळणारे. आपलाही त्या वसुबारसेला असाच झाला असेल, त्यांना वाटलं. बरं वाटलं. कुणी काही म्हणो, फार बरं वाटलं.

अमोलच्या ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटीतून झिरपू लागलं होतं. त्यानं बोटं घट्ट आवळली. दुसरा तळहात खाली लावला.

"बाबा!" आभा पुढे आली. "काय करताय तुम्ही?"

"तू बाजूला हो. हे माझं कोर्ट आहे." गुरुजींनी पंचांगातून झेरॉक्स काढली आणि घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात दोनशे तिसावं कलम वाचलं. शेजारची दोन आसनं थांबली. शेखर उपाध्ये उठून उभे राहिले, पण जवळ यायची त्यांची छाती झाली नाही. "ऐकलंस, अमोल? घरमालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याचा मुलगा. सुरा नको, सुपारी नको. तू म्हटलंयस, तूच पाणी सोडायचंस. तुझ्या हातानं तुझ्या मुलाचा पिंड."

"गुरुजी, पाया पडते," कुसाबाई हुंदके देत म्हणाल्या. "पोराला नका घेऊ. आमी काय करू सांगा."

गुरुजींना हेच हवं होतं. मंगळवारी दिवसभर, वहीतली रुद्रच्या जन्माची नोंद समोर ठेवून, त्यांनी हीच चाल घोटून ठेवली होती. मुलाला मारायचं त्यांच्या मनात नव्हतं. मुलगा मरतो म्हणजे काय, ते बापाला कळायला हवं होतं, आणि त्या वेदनेत त्याच्याकडून खरं वदवून घ्यायचं होतं. बाप आहे, किती वेळ पाणी धरेल?

त्यांनी वहीचं बासन सोडलं, गाडेकरांचं पान काढलं, पेन उघडून पुढे ठेवलं. "लिही. इमारत मी बांधली. सळई मी चोरली. शौनक माझ्यामुळे मेला, आणि बापाची सही मी पुढे केली. एवढं लिहून सही कर. मग हे पाणी मी माझ्या ओंजळीत घेतो. जे काही असेल ते माझ्या माथी."

अमोलनं वहीकडे पाहिलं. ओंजळीकडे पाहिलं. पाणी आता निम्म्यावर आलं होतं. गुरुजी वाट पाहत होते. कुसाबाई म्हणाल्या, "लिही की रं! बघतो काय? पोराचा जीव हाय त्यात."

आणि मग अमोलच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू विझली. गुरुजींना ते दिसलं, पण उमगलं नाही. त्या जागी दुसरंच काही आलं. गाळ्याचा सौदा करताना येत असेल तसं.

"ही वही कोर्टात चालती, गुरुजी," अमोल म्हणाला. "आमच्याच पणज्यानं चालवलीय. मी माझ्या हातानं लिहून देऊ? येडा समजता काय मला?"

"अमोल, पाणी गळतंय."

"असल्या मंत्रानं कोन मरत नसतं."

आणि त्यानं ओंजळ उघडली.

पाणी आणि तीळ पायरीवर पडले. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. गुरुजी त्या ओल्या दगडाकडे बघत राहिले. राजानं कलम लिहिलं होतं ते बांधणाऱ्याला मुलाची माया असणारच असं धरून. गुरुजींनीही तेच धरलं होतं. या माणसानं बाप देऊन टाकला होता, आता मुलगाही देऊन टाकला, आणि पंच्यानं हात पुसत होता.

"झालं समाधान?" अमोल म्हणाला. "आता वडिलांचं नाव घ्या आणि उरका."

"पप्पा," रुद्र म्हणाला.

एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. आजीच्या हातातून त्यानं मनगट सोडवलं, खाली आला आणि बापाच्या नि गुरुजींच्या मध्ये ओल्या पायरीवरच मांडी घालून बसला. पेन उचललं.

"ए, उठ," अमोल म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी होतो तिथं." रुद्र बापाकडे न बघता बोलत होता. "नववीच्या सुट्टीत. तुम्ही मला साईटवर न्यायचे. बहिरूकाका म्हणले, मालक, गॅलरीला एवढी सळई पुरायची नाही. तुम्ही म्हणले, गॅलरीत कोन हत्ती बांधनार हाय? टाक निम्मी." त्यानं पेन वहीवर टेकवलं. "पेपरात फोटो आला तेव्हा मी आजोबांना सांगितलं. ते म्हणले, गप ऱ्हा बाळा, बाप हाय तुझा. मी आठ वर्षं गप राहिलो. इंजिनिअरिंगला स्लॅबचा धडा आला तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेलो होतो."

"रुद्र, लय झालं. पेन ठेव!"

रुद्र लिहू लागला. अक्षर वाकडं येत होतं. पण कुणाला सांगावं लागलं नाही. सळई, सिमेंट, बहिरूचं म्हणणं, बापाचं म्हणणं, तारीख आठवत नाही पण आंब्याचे दिवस होते हेसुद्धा. अमोल वहीवर झेपावला, तेव्हा कुसाबाई त्याला आडव्या झाल्या. सुतकात असलेली, सत्तरीची बाई, पण मडकं छातीशी धरून अशी उभी राहिली की त्याला पुढे होता येईना.

"माज्या मालकांना कोर्टाच्या बाकावर मारलंस," त्या म्हणाल्या. "आता पोराला पन सोडलंस पान्यात. जा. तुज्या हातचं पानी नको त्यांना."

रुद्रनं सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, रुद्र अमोल गाडेकर, मुक्काम सायखेडा. मग आभाकडे बघून म्हणाला, "ताई, हे मी कोर्टात पण सांगेन. नवीन केस होते का?"

"होते," आभा म्हणाली. आवाज वकिलाचा होता. "बघणारा साक्षीदार असला तर नक्की होते."

अमोल पायऱ्या चढून वर गेला. वरून त्यानं हाक मारली, "रुद्र, चल!" रुद्रनं मान वर केली नाही. दुसरी हाक आली, मोठ्यानं. मग तिसरी. गुरुजी कान देऊन ऐकत होते. ढिगाऱ्यापुढे उभं राहून त्यांनीही अशाच हाका मारल्या होत्या, आणि आतून उत्तर आलं नव्हतं. आता बांधणाऱ्याचा मुलगा उत्तर देत नव्हता. गोड लागलं का? लागलं. आठ वर्षांनी पहिल्यांदा तोंडाला चव आली. चौथ्या हाकेत मुलाच्या नावाचा पार चुरा झाला होता, तीसुद्धा त्यांनी पुरती ऐकून घेतली.

क्रिया नातवानं केली. या वेळी गुरुजींनी 'गोरक्षप्रेतस्य' म्हटलं, आणि म्हणताना त्यांना ती फडक्यातली भाकरी आठवली. अस्थी पाण्यात सोडून रुद्र परत आला. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. पाया पडायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"गुरुजी," तो अगदी हळू म्हणाला, "माझ्या नावाचं पाणी पडलंय. मला काय होईल का?"

गुरुजींना वाटलं होतं, शिकलेलं पोर आहे, मनावर घेतलं नसेल. आता त्यांनी पाहिलं. त्याच्या ओठांना रंग नव्हता. इतका वेळ तो हे पोटात घेऊन लिहीत होता, बापाविरुद्ध बोलत होता, पाण्यात उतरला होता. आणि ही भीती बापानं घातलेली नव्हती. ती वेणीमाधव गुरुजींनी, आपल्या आसनावर बसून, आपल्या तोंडानं घातली होती. त्या मुलानं काय केलं होतं, असं आभानं विचारलं होतं. नववीतला होता, आणि ऐकलं होतं, एवढंच.

"बस," ते म्हणाले.

त्यांनी वही ओढली. यजमानाच्या पानावर उपाध्याय कधी लिहीत नाही. सात पिढ्यांत कोणी लिहिलं नव्हतं. रुद्रच्या सहीखाली त्यांनी तारीख टाकली आणि लिहिलं की आज संकल्पात या मुलाचं नाव मी मृतांत घेतलं, जाणूनबुजून घेतलं, सूड म्हणून घेतलं. मुलगा निर्दोष आहे. मग पंचांगातली झेरॉक्स आभाच्या हातात दिली.

"त्या दगडावर तुझं पाचवं कलम आहे ना? आसनावरून उठवायचं ते."

"बाबा, ते न्यायाधीशासाठी आहे."

"मी आत्ता काय म्हणालो होतो? माझं कोर्ट." त्यांनी शेखर उपाध्यांना हाक मारली. "शेखर, माझे यजमान तुम्ही सांभाळा. वह्या उद्या पोहोचवतो. आणि तो वर उभा आहे त्याला मी क्षमा केलेली नाही. साक्षीला आभाबरोबर मीही प्रत्येक तारखेला येणार आहे, हे त्याला कळू दे."

मग पुन्हा वहीवर वाकले. दुरुस्ती अजून पुरी झाली नव्हती. 'रुद्र अमोल गाडेकर' एवढं लिहून त्यापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला, 'हयात', आणि सही केली. शाई वाळेपर्यंत रुद्र ते अक्षर वाचत होता, परत परत. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या बापाच्या मुलाच्या नावापुढे हा शब्द लिहिता येतो. स्वतःच्या मुलापुढे कुठल्याही वहीत तो आता लिहिता येणार नव्हता. ते उठले, आसन गुंडाळलं आणि काखेत धरून आभाबरोबर पायऱ्या चढू लागले.